जुन्या इमारतीला नवे काम मिळाल्यावर गावातली माणसे आत जातात का?

कृष्णाकाठ

नमस्कार. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी बाजारपेठेच्या तोंडाशी एक जुनी दगडी इमारत आहे. इंग्रजी अमदानीत तिथे मामलेदार कचेरी होती, पुढे काही वर्षे शाळेचे वर्ग भरत असत, आणि आता बराच काळ ती कुलूपबंद आहे. तिची दुरुस्ती करून तिथे ‘काहीतरी सांस्कृतिक’ करावे असा विचार नगरपालिकेत सुरू झाला असून नागरिकांकडून लेखी सूचना मागवलेल्या आहेत. त्या एकत्र करण्याचे काम आम्ही काही जणांनी अंगावर घेतले आहे. बहुतेकांचा कल वस्तुसंग्रहालयाकडे आहे. काहींना अभ्यासिका हवी आहे, आणि एक-दोघांना खालच्या मजल्यावर उपाहारगृह चालेल असे वाटते.

माझी अडचण वेगळी आहे. महाबळेश्वरला जाता-येता थांबणारा पाहुणा अशी इमारत एकदा पाहील, फोटो काढील आणि पुढे जाईल. परंतु ज्यांच्या रोजच्या वाटेवर ती उभी आहे, ज्यांच्या आजोबांनी तिथे सारा भरला आणि ज्यांच्या आईने तिथे बाराखडी गिरवली, ती माणसे नव्या रूपातल्या इमारतीत पाऊल टाकतील का, हे मला कळत नाही. म्हणून विचारतो. आपापल्या गावात किंवा शहरात वापर बदललेल्या जुन्या वास्तूत आपण तिथले रहिवासी म्हणून गेला आहात का? गेलात तर कशासाठी गेलात, पुन्हा गेलात का, आणि जात नसाल तर पाऊल कुठे अडते? संवर्धन किती देखणे झाले यापेक्षा मला हेच जाणून घ्यायचे आहे.

सदाशिवपेठी

पुण्यातल्या विश्रामबाग वाड्याचे उदाहरण तुमच्या प्रश्नाला थेट लागू पडेल, कारण त्या वाड्याचे नवे वापर एकावर एक असे चढत गेले आहेत. दुसऱ्या बाजीरावाने तो 1807 च्या सुमारास स्वतःला राहण्यासाठी बांधून घेतला आणि पेशवाई बुडेपर्यंत जेमतेम दशकभर तो तिथे राहिला. म्हणजे वाडा या नात्याने त्याचे आयुष्य अगदी थोडे आहे. उरलेली दोनशे वर्षे तो दुसऱ्याच कोणत्या तरी कामाला जुंपलेला आहे. 1821 साली कंपनी सरकारने तिथे संस्कृत पाठशाळा काढली, तिच्यातूनच पुढे पुना कॉलेज आणि डेक्कन कॉलेजची परंपरा निघाली. 1879 च्या आगीत बुधवार वाडा गेला आणि विश्रामबागेचाही काही भाग जळाला, तो नंतर पुन्हा उभा केला गेला. विसाव्या शतकात नगरपालिकेच्या कचेऱ्या तिथे होत्या. आमच्या पिढीला मात्र तो आठवतो तो तळमजल्यावरच्या टपाल कचेरीमुळे आणि वरच्या शासकीय ग्रंथालयामुळे.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की, सदाशिव, शनिवार आणि बुधवार पेठेतली माणसे विश्रामबाग वाडा ‘पाहायला’ फारशी कधी गेलीच नाहीत. ती मनीऑर्डर करायला गेली, रजिस्टर पत्र टाकायला गेली, ग्रंथालयाचे पुस्तक बदलायला गेली. रांगेत उभे राहून कंटाळा आला म्हणजे नजर आपोआप वर जायची, आणि सागवानी सुरूचे खांब, त्यांवरची केळफुले, महिरपी ही सगळी त्या कंटाळ्यात पाठ झाली. माझ्या वडिलांना वाड्याचा इतिहास विचारला असता तर चार वाक्यांपलीकडे सांगता आला नसता, परंतु कोणत्या पायरीचा दगड पावसाळ्यात निसरडा होतो हे ते अंधारातही सांगू शकले असते. पुढे महापालिकेने वाड्याचे टप्प्याटप्प्याने जतन केले, पुण्याच्या वाढीविषयीचे प्रदर्शन तिथे मांडले. ते चांगले आहे, शाळांच्या सहली येतात, आम्हीही पाहुणे आले की घेऊन जातो. पण ‘पाहुणे आले की’ हे शब्द लक्षात घ्या. स्वतःच्या कामासाठी जाणे आणि दुसऱ्याला दाखवण्यासाठी जाणे यांत फार अंतर आहे. म्हणून माझे मत असे की, संग्रहालय जरूर करा, मात्र त्याच दरवाजातून आत जाऊन उरकायचे एखादे साधे, रोजचे काम तिथे असू द्या. वीजबिल भरण्याची खिडकी असली तरी चालेल.

काळाघोडा

सदाशिवपेठींचे म्हणणे बव्हंशी पटते, परंतु त्याची दुसरी बाजू मुंबईत दिसते, ती नोंदवणे आवश्यक वाटते. रीगल सिनेमासमोरच्या चौकात सर कावसजी जहांगीर सार्वजनिक सभागृह आहे. 1911 साली बांधलेल्या या वास्तूचे वास्तुविशारद जॉर्ज विटेट, म्हणजे समोरच्या वस्तुसंग्रहालयाचे आणि गेटवे ऑफ इंडियाचेही तेच. एके काळी राजकीय सभा आणि गाण्याच्या मैफली यांसाठी मुंबईकरांना हे हक्काचे ठिकाण होते. पुढे आधुनिक सोयींची वातानुकूलित सभागृहे झाली, मैफली तिकडे गेल्या, आणि हे सभागृह मिळेल त्या भाड्याने मिळेल त्याला दिले जाऊ लागले. मुष्टियुद्धाचे सामने, कामगार संघटनांच्या सभा, लग्नाचे स्वागत समारंभ आणि चामड्याच्या कपड्यांचे सेलसुद्धा तिथे भरत असत. म्हणजे ‘रोजचे काम’ भरपूर होते आणि माणसेही आत-बाहेर करीत होती, पण इमारतीकडे आपुलकीने पाहणारे कोणीच उरले नव्हते.

1996 साली तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले. बाहेरची वास्तू तशीच राखून आतल्या मोकळ्या सभागृहात जिना आणि एकावर एक दालने उभारण्यात आली. जाणकारांत याविषयी मतभेद आहेत. ज्यांनी तिथे मैफली ऐकल्या त्यांना आत गेल्यावर आपले सभागृह सापडत नाही, अशी तक्रार मी वडीलधाऱ्या मंडळींकडून ऐकलेली आहे, आणि ती मला रास्त वाटते. तरीही वरच्या अर्धगोल घुमटाखालच्या दालनात उभे राहिले म्हणजे ही जागा मुळात मोठ्या समुदायासाठी बांधलेली होती हे कळते. स्थानिक माणूस आत येतो का, याचे माझे उत्तर असे आहे की, त्या पदपथावरून रोज हजारो नोकरदार जातात, त्यांतले फारच थोडे वर चढतात. तिकिटाची रक्कम ही त्याची खरी अडचण नव्हे. पायऱ्या, पहारेकरी, पिशवी जमा करण्याची खिडकी आणि आतली शांतता या चारही गोष्टी मिळून माणसाला ‘आपले इथे काय काम’ असे वाटायला लावतात. तुमच्या कचेरीच्या बाबतीत ही भीती दुप्पट असेल, कारण मामलेदार कचेरीच्या पायरीवर सामान्य माणूस पूर्वीही बिचकतच चढत असणार.

निनावी वाचक

संग्रहालयात ठेवायला वस्तू आहेत का, हे आधी पाहावे. तालुक्याच्या गावी दोन तलवारी, एक जाते, चार तांब्याचे हंडे आणि भिंतीवर छापील फलक, एवढ्यावर संग्रहालय थाटले जाते आणि दुसऱ्या वर्षापासून काचांवर धूळ बसते. गावकऱ्यांच्या घरात यापेक्षा चांगले हंडे आहेत. ते तिकीट काढून हंडे पाहायला का येतील?

मांडवीपार

मी गोव्याहून लिहीत आहे. आमच्याकडे दोन उदाहरणे समोरासमोर, मांडवीच्या दोन काठांवर उभी आहेत, आणि दोन्हींचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

पहिले उदाहरण वेरेचा रेइश मागुश किल्ला. पोर्तुगीजांनी 1551 साली बांधलेला हा किल्ला विसाव्या शतकात तुरुंग होता आणि 1993 पर्यंत तो तुरुंगच राहिला. म्हणजे माझ्या वयाच्या गावकऱ्यांनी आपल्या तरुणपणापर्यंत त्या भिंती फक्त बाहेरून पाहिल्या. पायथ्याच्या चर्चच्या फेस्ताला सगळा गाव जमायचा, आणि वर डोक्यावर कैदी असायचे. नंतर काही वर्षे तो ओस पडला, झाडांच्या मुळांनी चिरे सुटू लागले. गोवा सरकार, इन्टॅक ही वारसा जतन करणारी संस्था आणि लंडनचा हेलन हॅमलिन ट्रस्ट यांनी मिळून त्याचे जतन केले, वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा होते, आणि 2012 साली तो लोकांसाठी खुला झाला. आत गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या चित्रांचे दालन आहे, गोवा मुक्तिलढ्यातल्या स्वातंत्र्यसैनिकांविषयीचे दालन आहे.

तो उघडल्यानंतरच्या दिवसांत वेरे-नेरूल भागातली वयस्कर माणसे नातवंडांना घेऊन वर चढताना मी पाहिली आहेत. चित्रे पाहणे हा त्यांचा पहिला हेतू नव्हता. आपल्याला जन्मभर ज्या दरवाजापलीकडे जाता आले नाही, तिथे आत काय आहे हे त्यांना पाहायचे होते. तटावर उभे राहून ‘आमचे घर कुठले’ हे शोधण्यात लोकांचा जास्त वेळ जाई. पुढे मात्र मारियोंच्या चित्रांनीच माणसांना परत आणले, कारण त्या चित्रांत बाजारातली कोळीण आहे, तावेर्न म्हणजे दारूचा गुत्ता आहे, तियात्र हे कोकणी नाटक आहे, पाद्री आहे, भाटकार म्हणजे जमीनदार आहे. चित्रातला माणूस आपल्या वाड्यावरचाच कोणीतरी आहे असे म्हणून हसणारे प्रेक्षक मी कलादालनांत इतरत्र क्वचितच पाहिले आहेत. निनावी वाचकांचा हंड्यांविषयीचा प्रश्न योग्य आहे. हंडा घरी असतोच, परंतु घरातल्या माणसांकडे कोणीतरी बारकाईने पाहिले आहे हे दाखवणारी वस्तू घरी नसते.

दुसरे उदाहरण नदीच्या या बाजूचे, पणजीतले जुने मेडिकल कॉलेज. 1842 साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेची ही परंपरा. नव्वदच्या दशकात इस्पितळ पूर्णपणे बांबोळीला हलले आणि नदीकाठची ही लांबलचक इमारत रिकामी झाली. 2004 साली आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला तेव्हा हा सगळा परिसर त्यासाठी सजवण्यात आला. शेजारच्या माकिनेझ पॅलेसमध्ये गोवा मनोरंजन संस्थेचे कार्यालय आहे. 2016 पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सवही याच इमारतीच्या खोल्याखोल्यांतून भरू लागला. माझा जन्म याच इस्पितळातला, आणि माझ्यासारखे असंख्य गोंयकार आहेत. महोत्सवात पणजीच्या बायका कला पाहता पाहता ‘बाळंतिणींचा वॉर्ड कुठे होता’ यावर वाद घालतात, आणि एकीच्या बोलण्यातून दुसरीला आठवते. आयोजकांनी भिंतीवर लावलेल्या मजकुरापेक्षा मला तो वाद अधिक मोलाचा वाटतो. पण महोत्सव संपला की मांडव उतरतो, आणि वर्षातले उरलेले महिने त्या व्हरांड्यात शिरण्याचे सर्वसामान्य माणसाला काही कारण राहत नाही. रेइश मागुश बारा महिने उघडा असतो, म्हणून तो आमच्या सवयीचा झाला. जुने मेडिकल कॉलेज आमच्या आठवणीचे असूनही पाहुण्यासारखेच राहिले.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. दोन प्रश्न नव्याने पडले आहेत. एक, आमच्या इमारतीचा काही भाग तहसील किंवा नगरपालिकेच्या एखाद्या कार्यालयासाठी राखावा, असा दबाव येण्याची शक्यता आहे. सदाशिवपेठींच्या सांगण्याप्रमाणे त्यामुळे वर्दळ राहील, पण चांगल्या खोल्या साहेबांच्या होतील आणि लोकांना बाकड्यापुरताच प्रवेश मिळेल, अशी भीती वाटते. दुसरा प्रश्न उपाहारगृहाचा. भाड्याचे उत्पन्न नसेल तर देखभाल होणार नाही, असे मुख्याधिकाऱ्यांचे म्हणणे आहे, आणि ते खोटे नाही.

लालबागकर

उपाहारगृहाविषयी लिहितो, कारण हा विषय आमच्या उंबरठ्यावरचा आहे. माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतर गिरणगावाचे काय झाले हे सर्वांना माहीत आहे. गिरण्यांच्या जमिनींवर जे उभे राहिले त्यात काही ठिकाणी जुन्या शेड तशाच ठेवून आत कार्यालये, दुकाने आणि हॉटेले काढण्यात आली. लोअर परळच्या फिनिक्स मिलची चिमणी आजही मॉलच्या मधोमध उभी आहे.

आम्ही तिथे जातो का? जातो. आमची मुले सिनेमाला जातात, मी दिवाळीच्या खरेदीला गेलो आहे. म्हणजे वर्दळ हाच निकष लावला तर तो प्रयोग यशस्वी म्हणावा लागेल. परंतु वडिलांना एकदा तिकडे नेले तेव्हा ते चिमणीकडे पाहत उभे राहिले आणि खाते कुठे होते, भोंगा कुठे होता, तिकीट कुठे पंच होत असे हे सांगू लागले. त्यातले एकही ठिकाण त्या जागेवर कुठे लिहिलेले नव्हते. चिमणी ठेवली, पण तिच्याखाली कोण राबत होते हे सांगणारी एक पाटीसुद्धा मला दिसली नाही. हा दोष उपाहारगृहाचा नाही. भाडेपट्ट्याचा करार लिहिताना मालकाने काय मागितले, याचा तो प्रश्न आहे. तुम्ही उपाहारगृह द्या, पण मधला चौक, मुख्य दरवाजा आणि वर जाणारा जिना हे करारात कधीही घालू नका. एकदा चौकात टेबले मांडली गेली की, काही न मागवता तिथे बसणारा म्हातारा माणूस वेटरला खुपू लागतो, आणि तो म्हातारा पुन्हा येत नाही.

आणि शाळेचे वर्ग भरत होते म्हणता, तर त्या शाळेची पटावरची नावे मिळाली तर शोधा. आपल्या आजीचे नाव पाहायला माणूस चार मैल चालत येईल.

काळाघोडा

कार्यालयाच्या प्रश्नावर मुंबई महापालिकेच्या मुख्यालयाकडे पाहावे. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी रचलेली ही 1893 ची इमारत मूळ कामासाठीच वापरात आहे, त्यामुळे ती नव्या वापराचे उदाहरण नव्हे. पण 2021 पासून सुट्टीच्या दिवशी मार्गदर्शकासह वारसा फेरी सुरू झाली आणि एरवी केवळ दाखला काढायला येणाऱ्या मुंबईकराला ती इमारत निवांतपणे पाहता आली. कामाचा दिवस कार्यालयाचा आणि सुट्टीचा दिवस नागरिकांचा, अशी वाटणी तुमच्याकडे लेखी ठरवून घेता येईल. मात्र ती ठरावात यावी; तोंडी आश्वासन साहेबांची बदली होईपर्यंतच टिकते.

चुनेगच्ची

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या क्षेत्रात काम करतो. वरची चर्चा वापराविषयी चालली आहे आणि ती योग्यच आहे, परंतु इमारत कोणता वापर सहन करील हे आधी तपासावे लागते, म्हणून काही मुद्दे मांडतो.

अभ्यासिका आणि ग्रंथालय ही कल्पना सर्वांना आवडते. पण पुस्तके अतिशय जड असतात. आपल्याकडील भारमानाच्या भारतीय मानकात घरगुती वापराच्या जमिनीसाठी जो भार धरतात, त्याच्या निदान तिप्पट भार पुस्तकांच्या मांडण्यांच्या खोलीसाठी धरावा लागतो. तुमच्या इमारतीचा वरचा मजला लाकडी तुळयांवर आणि पाटणीवर असेल, आणि त्या काळच्या कचेऱ्यांत तो बहुधा तसाच असतो, तर मांडण्या तळमजल्यावर ठेवून वाचनाची टेबले तेवढी वर न्यावीत. सदाशिवपेठींची वीजबिलाची खिडकी मला या दृष्टीनेही पसंत आहे, कारण तिचा भार फक्त माणसांचा असतो आणि तोही जमिनीवरचा.

दुसरे असे की, दगडी भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा आणि वर तैलरंग देण्याचा मोह प्रत्येक ठेकेदाराला होतो. चुन्यातल्या बांधकामात ओल आत शिरते आणि सावकाश बाहेरही पडते. सिमेंटने तिचा बाहेरचा मार्ग बंद झाला की दोन पावसाळ्यांत गिलावा फुगतो आणि भिंतीला खवले सुटतात. मग लोक म्हणतात की इमारतच खराब आहे. निविदेत चुन्याचे काम स्पष्ट लिहून घ्यावे, आणि चुना मळणारे गवंडी कुठून आणणार हेही विचारावे. सातारा, वाई भागात जुनी देवळे आणि घाट यांची कामे केलेले कारागीर अजून मिळतात.

तिसरा मुद्दा संवर्धनाच्या अहवालांत अगदी शेवटी येतो, पण स्थानिक माणसाच्या येण्या-जाण्यावर त्याचा परिणाम सर्वांत जास्त होतो. स्वच्छतागृह. बाजाराच्या दिवशी आसपासच्या वाड्यांवरून आलेल्या बायकांना बाजारपेठेच्या तोंडाशी स्वच्छ आणि पाण्याची सोय असलेले स्वच्छतागृह मिळाले, तर त्या इमारतीत येतील, बसतील, आणि मग भिंतीवर जे लावले असेल ते वाचतील. ते मुख्य वास्तूच्या आत कोंबू नये, आवारात मागच्या अंगाला वेगळे बांधावे, म्हणजे जुन्या भिंतींत नळ आणि ओल शिरणार नाही. मांडवीपारांनी बारा महिने उघडे राहण्याविषयी जे लिहिले आहे, त्याच्या खर्चाचा प्रश्नही इथेच येतो. पहारेकरी आणि सफाई कामगार यांचा पगार वार्षिक अंदाजपत्रकात धरलेला नसेल, तर उद्घाटनानंतर इमारतीला पुन्हा कुलूप लागते, मग आत संग्रहालय असो की अभ्यासिका.

सदाशिवपेठी

चुनेगच्चींच्या मुद्द्याला जोडून एवढेच विचारतो की, त्या इमारतीला बाजाराच्या बाजूने एखादा दिंडी दरवाजा आहे का? मुख्य दरवाजातून बिचकणारी माणसे बाजूच्या दाराने सहज आत येतात.

कृष्णाकाठ

आहे. धान्यबाजाराच्या गल्लीत एक छोटे दार आहे, सध्या ते विटांनी बुजवलेले आहे. जुनी माणसे सांगतात की सारा भरायला आलेले शेतकरी त्याच दाराने येत आणि मुख्य दार साहेबांच्या घोडागाडीसाठी असे. ते दार उघडावे, मधला चौक कोणालाही भाड्याने देऊ नये, सुट्टीच्या दिवशी संपूर्ण इमारत खुली असावी, स्वच्छतागृह आवारात असावे आणि देखभालीचा पगार अंदाजपत्रकात दाखवावा, या पाच गोष्टी आम्ही लेखी निवेदनात घालत आहोत. शाळेचा पट मिळतो का, यासाठी गटशिक्षणाधिकारी कार्यालयात अर्ज देणार आहे. चुनेगच्ची, बुजवलेले दार उघडताना वरच्या पाटाच्या, म्हणजे दारावरच्या आडव्या, दगडाला आधार कसा द्यावा, याविषयी आपण थोडे सविस्तर लिहिलेत तर बरे होईल, कारण नगरपालिकेचे अभियंता तेच कारण पुढे करून नकार देतील असे दिसते.

चुनेगच्ची

बुजवलेल्या विटा वरच्या दगडाचा भार घेत आहेत की नुसत्या भरलेल्या आहेत, हे पाहिल्याशिवाय हात लावू नये. दगडाला मधोमध चीर नसेल आणि त्याची दोन्ही टोके भिंतीत पुरेशी बसलेली असतील, तर दोन्ही बाजूंनी टेकू देऊन विटा वरून खाली, एकेक थर करून काढता येतात. चीर असेल तर आधी चौकटीच्या आत सागाची किंवा पोलादाची नवी चौकट बसवावी आणि मगच विटा काढाव्यात. दाराचे आतून आणि बाहेरून फोटो, भिंतीची जाडी आणि दगडाची लांबी एवढे पाठवा. अभियंत्यांना दाखवता येईल असा आराखडा काढून देतो.